गाडीचा दोष आधी मालकाला कळू द्या

डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला की काय करायचं, याविषयी जव्हार-मोखाड्यात एक सल्ला सर्रास मिळतो. गॅरेजच्या बाकावर, पंपावर, सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर, सगळीकडे तोच. स्कॅनर हे मेकॅनिकचं हत्यार आहे, गाडीवाल्यानं त्या भानगडीत पडू नये. ऑनलाइन पाचशे-हजारात मिळणारं यंत्र लावून काही कळत नाही. उलट अर्धवट माहितीवर लोक भलतेच पार्ट बदलतात, नाहीतर ईसीएम, म्हणजे इंजिनाचा संगणक, उडवून बसतात. दिवा लागला तर गाडी सरळ सर्व्हिस सेंटरला न्यावी.

सल्ला देणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. त्यांतल्या पुष्कळांनी असं नुकसान डोळ्यांनी पाहिलेलं असतं. पण सल्ला चुकीचा आहे, आणि आपल्या भागात तो ज्याच्या खिशात कमी त्याच्यावर जास्त बसतो. माझं म्हणणं सरळ आहे. २०१३ नंतरची चारचाकी ज्याच्या दारात उभी आहे आणि जिच्यावर त्याचं घर चालतं, त्याच्याकडे स्वतःचा कोड रीडर असलाच पाहिजे. गाडीचा दोष मेकॅनिकच्या आधी मालकाला कळला पाहिजे. रीडर कुठला घ्यायचा, हे मात्र जाहिरातीवरून किंवा किमतीवरून ठरवायचं नाही. आपली गाडी कुठली आणि आपला रस्ता कुठला, यावरून ठरवायचं.

गाडी सर्व्हिस सेंटरला न्यावी, असं ठाण्यात किंवा नाशकात म्हणणं सोपं आहे. जव्हारहून नाशिक सुमारे ऐंशी किलोमीटर, पालघरही जवळपास तेवढंच. मोखाड्याहून त्र्यंबककडे निघालं की तोरंगणचा घाट लागतो, खोडाळ्याहून कसाऱ्याकडे निघालं की विहीगावच्या बाजूची वळणं. पावसाळ्यात या रस्त्यांवर दिवसादेखील धुक्यात दिवे लावून चालावं लागतं. दिवा लागलेली गाडी एवढी लांब न्यायची, दिवस मोडायचा, आणि तिथे कळायचं की बॅटरीचं टर्मिनल सैल होतं. किंवा याच्या उलट: काही नसेल म्हणून चालवत राहायचं आणि घाटात मधोमध अडकायचं. दोन्ही वेळा नुकसान गाडीच्या दोषानं कमी आणि दोष माहीत नसण्यानं जास्त होतं.

आणि इथे गाडी हौसेची नाही. मोगऱ्याच्या कळ्या सकाळी खुडल्या की त्या वेळेत बाजारात पोचाव्या लागतात. कळी उमलली की भाव गेला. दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि द्राक्षबागांवर निघालेली कुटुंबं पिकअपमध्ये सामानासकट बसून निघतात. जव्हारच्या पतंगशाह कुटीर रुग्णालयातून एखाद्याला पुढे नाशिकला न्यायला सांगितलं की नातेवाईक इको नाहीतर बोलेरो शोधतात, आणि रुग्णवाहिका मिळाली नाही तर रुग्णही तिच्यातूनच जातो. १९९२ साली वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंमुळे जव्हार तालुक्याचं नाव देशभर गेलं. त्यानंतर रस्ते झाले, आरोग्य केंद्रं झाली, पण पाड्यापासून त्या रस्त्यापर्यंत आणि रस्त्यापासून दवाखान्यापर्यंत नेणारी गाडी बहुधा कुणातरी खाजगी जीपवाल्याचीच असते. अशा गाडीच्या इंजिनात काय बिघडलंय, हे तिच्या चालकाला जागच्या जागी कळायला नको, असं म्हणणाऱ्यानं हा सगळा हिशोब केलेला नसतो.

कोड रीडर नेमकं काय करतो, ते आधी समजून घेऊ, कारण निम्मा वाद गैरसमजातून आहे. स्टिअरिंगच्या खाली, ड्रायव्हरच्या गुडघ्याच्या आसपास, सोळा पिनांचा एक कपलर असतो. इंजिनावरचे सेन्सर ईसीएमला सतत आकडे पाठवत असतात: पाण्याचं तापमान, आत येणाऱ्या हवेचा दाब, क्रँकची गती, सायलेन्सरच्या पाइपातला ऑक्सिजन, डिझेलच्या रेलमधला दाब. आकडा ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की ईसीएम पाच अक्षरांचा एक कोड साठवून ठेवतं आणि गरज पडली तर दिवा लावतं. कोडची सुरुवात ‘पी’नं झाली तर दोष इंजिन-गिअरबॉक्सकडचा, ‘सी’ असेल तर ब्रेक-चासीकडचा, ‘बी’ असेल तर बॉडीचा, आणि ‘यू’ असेल तर गाडीतले निरनिराळे संगणक एकमेकांशी बोलत नाहीत. पुढचा आकडा शून्य असेल तर तो कोड बहुतेक वेळा सगळ्या कंपन्यांना समान असतो. एक असेल तर त्या कंपनीचा स्वतःचा. कोड पडला त्या क्षणी वेग किती होता, इंजिन किती गरम होतं, किती आरपीएमवर फिरत होतं, याची नोंदही शेजारी राहते. तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात. रीडर ही सगळी नोंद वाचून दाखवतो, एवढंच त्याचं काम.

ही सोय कुठल्याही कंपनीनं आपल्या मेकॅनिकसाठी राखून ठेवलेली गुप्त खिडकी नाही. गाड्यांच्या धुरावर लक्ष राहावं म्हणून कॅलिफोर्निया राज्यानं १९८८ च्या गाड्यांपासून अशा स्वयंतपासणीची सक्ती सुरू केली. १९९६ पासून अमेरिकेतल्या सगळ्या नव्या मोटारींना एकाच आकाराचा कपलर आणि एकाच पद्धतीचे कोड बंधनकारक झाले, २००१ पासून युरोपातल्या पेट्रोल गाड्यांना. भारतात बीएस-४ गाड्यांना ही दुसऱ्या टप्प्याची व्यवस्था २०१३ पासून आली आणि एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ लागू झाल्यावर ती आणखी कडक झाली. कपलर सगळीकडे एकसारखा ठेवला तो कुठल्याही कंपनीच्या यंत्रानं वाचता यावा म्हणून. जे कायद्यानं वाचण्यासाठीच ठेवलं आहे, ते गाडीच्या मालकानं वाचू नये असं सांगायला काहीही आधार नाही.

आता आक्षेप एकेक करून घेऊ. पहिला आणि सर्वांत वजनदार: लोक कोड वाचतात आणि भलताच पार्ट बदलतात. हे खरं आहे. कोडमध्ये ज्या सेन्सरचं नाव येतं तोच गेला, असं समजणं ही सर्वांत महागडी चूक आहे. पण ती टाळायची तर वाचन बंद करून चालणार नाही, पुढचं पानही वाचायला शिकावं लागेल.

उदाहरण घेऊ. समजा खोडाळ्याची एक इको आहे. सकाळी सुरू व्हायला त्रास देते, पेट्रोल जास्त खाते, रेडिएटरचा पंखा थंड इंजिनावरही फिरत राहतो, दिवा लागलेला आहे. रीडर लावला, कोड आला पी०११८. अर्थ लिहिलेला असतो: कूलंटच्या तापमानाचा सेन्सर, सर्किटमधला सिग्नल मर्यादेपेक्षा जास्त. घाईचा माणूस सेन्सर विकत आणतो. पण त्याच रीडरवर लाइव्ह डेटा उघडा आणि पाण्याचं तापमान बघा. तिथे उणे ४० अंश दिसतं. जव्हारची थंडी कितीही बोचरी असली तरी उणे ४० तिथे कधी होत नाही. हा आकडा हवामानाचा नाहीच. सर्किट कुठेतरी तुटलेलं आहे असं ईसीएम त्यातून सांगतंय. आता दोन पिनांच्या त्या सेन्सरचा कपलर काढा आणि कपलरमधल्या दोन टोकांना तारेच्या तुकड्यानं क्षणभर जोडा. स्क्रीनवरचा आकडा उणे ४० वरून एकदम सव्वाशेच्या पुढे उडाला तर वायरिंग आणि ईसीएम धड आहेत, सेन्सर गेलाय. आकडा जागचा हलला नाही तर दहा सेन्सर बदलूनही उपयोग नाही, तार शोधायला लागा. भातकापणी झाली की उंदीर बॉनेटखाली शिरतात आणि वायरिंग कुरतडतात, हे इथल्या प्रत्येक गाडीवाल्याला माहीत आहे. तुटलेली तार जोडायला लागतो टेपचा तुकडा आणि थोडा वेळ.

या सगळ्यात इंजिनिअर होण्यासारखं काय आहे? आकडा वाचायचा, तो पटतो का बघायचा, आणि एक जोडणी करून पुन्हा वाचायचा. ‘आधी हा पार्ट टाकून बघू, मग तो टाकून बघू’ ही पद्धत रीडरनं आणलेली नाही. ती त्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे आणि तिचं बिल गाडीवाल्यानंच भरलेलं आहे. रीडरमुळे ती थांबवण्याचं साधन पहिल्यांदा मालकाच्या हातात येतं.

दुसरा आक्षेप जुन्या जाणत्या मिस्त्रींकडून येतो. इंजिनाचा आवाज ऐकून दोष सांगणारी माणसं आपल्याकडे आहेत, त्यांना यंत्र कशाला? त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. मॅक्स, कमांडर, ट्रॅक्स या गाड्या या डोंगरांत वर्षानुवर्षं चालल्या त्या त्यांच्याच हातामुळे. त्या इंजिनांत डिझेल पंप यंत्राच्या जोरावर चालायचा, दोष कानाला आणि बोटांना कळायचा. आजची पिकअप तशी नाही. तोरंगणचा घाट चढताना ती एकदम मरगळते, रेस देऊनही ओढत नाही, आणि इंजिनाचा आवाज मात्र शांत आणि साफ असतो. कारण दोष आढळल्यावर इंजिन वाचवण्यासाठी ईसीएमनं स्वतःच ताकद कापलेली असते. कानाला इथे ऐकू येण्यासारखं काही उरलेलं नाही.

अशा वेळी कोड आला पी००८७, म्हणजे रेलमधला डिझेलचा दाब कमी पडतोय, तर दोन रस्ते फुटतात. एक रस्ता हाय-प्रेशर पंप आणि नोझलच्या कामाकडे जातो, जिथे खर्चाचा आकडा ऐकूनच माणूस खाली बसतो. दुसरा डिझेल फिल्टरकडे जातो. पाड्यांवर डिझेल कॅनमधून येतं, कॅन पावसात उघडी राहते, पाणी आणि गाळ थेट फिल्टरमध्ये जातात. फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून पाणी काढणं किंवा नवा फिल्टर टाकणं, हे पंप उघडण्याच्या आधी व्हायला हवं. कोड कळलेला मालक मेकॅनिकला विचारू शकतो, ‘दादा, आधी फिल्टर बघितला का?’ कोड न कळलेला मालक फक्त ‘किती होतील?’ एवढंच विचारू शकतो. या दोन प्रश्नांतलं अंतर हाच माझा सगळा मुद्दा आहे.

तिसरा आक्षेप भीतीचा: रीडर लावला तर ईसीएम जळतं, वॉरंटी जाते. इथे वाचणं आणि लिहिणं या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. साधा रीडर ईसीएमला प्रश्न विचारतो आणि उत्तर दाखवतो. ज्या प्रश्नांची उत्तरं द्यायला प्रत्येक गाडी कायद्यानं बांधलेली आहे तेवढेच प्रश्न. धोका असतो तो ईसीएममध्ये नवं काही लिहिणाऱ्या यंत्रांत. ताकद वाढवण्यासाठी रीमॅप करणं, किलोमीटर मागे घेणं, कंपनीचं सॉफ्टवेअर बदलणं. त्या वाटेला मालकानं जाऊ नये, हे मी विरोधकांइतकंच ठामपणे म्हणतो. रीडर बसवून कायमचा ठेवूनही देऊ नये. त्या कपलरच्या सोळाव्या पिनेला बॅटरीचा करंट चावी काढल्यावरही असतो. उभ्या गाडीतही यंत्र बॅटरी खात राहतं. लावा, वाचा, लिहून घ्या, काढून ठेवा. भीतीवर हा साधा नियम पुरेसा आहे.

चौथा आक्षेप फसवणुकीचा. रीडर सगळ्यांच्या हाती आला तर लोक कोड पुसतील आणि दोष असलेली गाडी विकतील. पुसणारे आजही पुसतात, आणि त्यांच्याकडे यंत्र आहे. फसवला जातो तो यंत्र नसलेला. कोड पुसला की गाडीच्या स्वयंतपासण्याही शून्यावर येतात. ऑक्सिजन सेन्सर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वगैरेंच्या तपासण्या अपूर्ण असल्याचं रीडरवर दिसतं, आणि त्या पुन्हा पूर्ण व्हायला गाडी निरनिराळ्या वेगानं बरीच चालावी लागते. नाशिक, भिवंडी किंवा वसईकडून जुनी गाडी घ्यायला गेलेल्या माणसानं रीडर लावला, कोड एकही नाही पण सगळ्या तपासण्या अपूर्ण, असं दिसलं तर समजावं की कुणीतरी नुकताच इतिहास पुसलाय. नुकतीच बॅटरी काढली असेल तरी असंच दिसतं, म्हणून विकणाऱ्याला विचारावं, गाडी काही दिवस चालवून पुन्हा वाचू द्यावी म्हणावं. तो नाही म्हणाला तर उत्तर मिळालं. आपल्या भागात नव्यापेक्षा जुनीच गाडी जास्त वेळा घेतली जाते. तिथे रीडरची किंमत एका व्यवहारात वसूल होते.

पाचवा आक्षेप दिसायला मायेचा आहे: गाडीवालेच कोड वाचायला लागले तर गावातल्या छोट्या गॅरेजवाल्याचं पोट जाईल. वस्तुस्थिती उलटी आहे. छोट्या गॅरेजवाल्याचं काम गाडीच्या मालकानं हिरावलेलं नाही. ते जातंय माहिती बंद ठेवणाऱ्या व्यवस्थेमुळे. समशेर कटारिया यांनी २०११ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली, आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगानं चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्यांत आपल्या रस्त्यांवर रोज दिसणाऱ्या मारुती सुझुकी, महिंद्रा आणि टाटा मोटर्सही होत्या. अस्सल सुटे भाग, दुरुस्तीची माहितीपुस्तकं आणि डायग्नोस्टिक यंत्रं स्वतंत्र गॅरेजवाल्यांना मोकळेपणानं मिळू न देणं हे स्पर्धेला बाधक आहे, असं आयोगानं ठरवलं. दंडाच्या रकमेवर पुढे अपिलं झाली. पण डायग्नोस्टिक यंत्र ही कुणा एकाची मिरास नाही, ही गोष्ट त्या आदेशानं नोंदवली गेली. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ साली मतदारांनी मतदान करून हाच हक्क मिळवला. आपल्या केंद्र सरकारनं २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षाअखेर पोर्टल सुरू केलं. त्यातल्या चार क्षेत्रांत मोटारगाड्या आणि शेतीची अवजारं दोन्ही आहेत.

म्हणजे जव्हारच्या बाजारपेठेतला किंवा मोखाड्याच्या नाक्यावरचा मेकॅनिक आणि गाडीचा मालक एकाच बाजूला आहेत. ज्या गॅरेजमध्ये स्कॅनर नाही, त्या गॅरेजच्या हातून बीएस-६ची प्रत्येक गाडी निसटून नाशिकला जाणार आहे. कोड लिहिलेला कागद घेऊन येणारं गिऱ्हाईक हे त्या मेकॅनिकचं अर्धं काम हलकं करतं. या डोंगरातल्या माणसानं मोहाची फुलं, हिरडा, वरई आणि नागली पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या काट्यावर मोजून घेतली, आणि ज्याच्या हाती काटा त्याचाच भाव चालला. गाडीच्या दोषाच्या बाबतीत तेच पुन्हा घडू द्यायचं कारण नाही.

आता कुठला रीडर घ्यायचा. इथे मी दुसऱ्या बाजूच्या लोकांशीही भांडणार आहे. त्यांचं म्हणणं असतं की मिळेल तो स्वस्त घ्या, सगळे सारखेच.

पहिली गोष्ट, घ्यायचाच की नाही हे गाडी ठरवते. जुन्या मॅक्सला, यांत्रिक पंपाच्या ट्रॅक्सला, जुन्या ओम्नीला यातलं काही नाही. अशा गाडीच्या मालकानं रीडरवर एक रुपया खर्च करू नये; मल्टिमीटर आणि टेस्ट लॅम्प घ्यावा. बीएस-६च्या मोटरसायकलींना कपलर आहे, पण बऱ्याच गाड्यांत तो लहान आणि सहा पिनांचा असतो, त्यासाठी वेगळी जोडतार लागते आणि सगळे रीडर तिच्याशी बोलत नाहीत. २०१३ नंतरच्या चारचाकीत आधी स्टिअरिंगखाली हात घालून सोळा पिनांचा कपलर बघावा, मगच पैसे काढावेत.

दुसरी, ब्लूटूथचं बोटभर यंत्र की स्क्रीन असलेला हातातला रीडर? ब्लूटूथवाल्या यंत्रांतली बहुतेक ईएलएम-३२७ या चिपच्या नावानं विकली जातात. ही चिप मूळ कॅनडातल्या एल्म इलेक्ट्रॉनिक्सची; बाजारातल्या स्वस्त प्रती तिच्या नकला आहेत. त्यांच्यावर छापलेली ‘१.५’ ही आवृत्ती मूळ कंपनीनं कधी काढलेलीच नव्हती. काही नकला तरीही काम देतात, काही अर्धवट बोलतात, आणि जुन्या पद्धतीनं संदेश पाठवणाऱ्या गाडीशी जोडल्याच जात नाहीत. त्यामुळे ज्याच्याकडून परत करता येईल त्याच्याकडूनच घ्यावं आणि मिळाल्या दिवशी आपल्या गाडीवर लावून बघावं. चालू इंजिनावर आरपीएम, पाण्याचं तापमान आणि बॅटरीचे व्होल्ट सरळ दिसले तर ठेवावं, नाहीतर परत करावं.

तिसरी गोष्ट शहरातल्या कुठल्याही सल्ल्यात येत नाही, आणि आपल्यासाठी तीच पहिली असायला हवी: नेटवर्क. आपल्याकडे अनेक वळणांवर आणि पाड्यांवर मोबाइलला रेंज नसते. जे यंत्र किंवा जे ॲप कोडचा अर्थ सांगायला इंटरनेट मागतं, दर वेळी लॉगिन मागतं, वर्षाची वर्गणी संपली की बंद पडतं, ते घाटात काहीच कामाचं नाही. कोडची यादी यंत्रात किंवा ॲपमध्ये साठवलेली असावी आणि फोन एअरप्लेन मोडवर टाकून ब्लूटूथ तेवढं चालू ठेवलं तरी सगळं चाललं पाहिजे. घेतल्यावर घरीच ही परीक्षा करावी. स्वतःची स्क्रीन असलेला रीडर या बाबतीत सरस आहे. तो करंट गाडीच्या कपलरमधूनच घेतो, फोनची बॅटरी संपली तरी चालतो, आणि गाडी ज्या ड्रायव्हरच्या हाती असेल त्याच्याबरोबर जातो. दोन-तीन ड्रायव्हर आलटून पालटून चालवत असलेल्या प्रवासी गाडीला मी तोच सुचवीन, थोडा महाग पडला तरी.

चौथी, नुसता कोड दाखवून पुसणारा रीडर घेऊ नये. लाइव्ह डेटा, फ्रीझ फ्रेम आणि स्वयंतपासण्यांची स्थिती, हे तिन्ही दाखवणारा असावा. वर सांगितलेला उणे ४० अंशांचा शोध लाइव्ह डेटाशिवाय लागलाच नसता. डिझेल पिकअपवाल्यानं रेलचा दाब दिसतो का, ते बघून घ्यावं. एबीएस आणि एअरबॅगचे दिवे साध्या रीडरला बहुधा वाचता येत नाहीत. ते वाचणारा हवा असेल तर आपल्या कंपनीचं, आपल्या मॉडेलचं नाव त्याच्या यादीत आहे याची खात्री केल्याशिवाय घेऊ नये.

पाचवी, महाग स्कॅनर एकट्यानं घेऊ नये. बीएस-६ डिझेलमध्ये धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, डीपीएफ, असतो. बाजारात इंजिन चालू ठेवून गिऱ्हाइकांची वाट बघायची आणि पाच-दहा किलोमीटरच्या फेऱ्या मारायच्या, या आपल्या पद्धतीनं तो लवकर भरतो, कारण साठलेली काजळी जाळायला त्याला सलग आणि गरम धाव लागते. पी२४६३ आला की काजळी मर्यादेच्या पुढे गेली. वेळेत कळलं तर मोकळ्या रस्त्यावर गाडी सलग पळवून पुष्कळदा काम होतं. उशीर झाला की सक्तीची सफाई करावी लागते, आणि तो हुकूम ईसीएमला देणारा स्कॅनर महाग असतो. तो गॅरेजवाल्यानं घ्यावा, किंवा जीपवाल्यांनी वर्गणी काढून घ्यावा. मालकाच्या खिशात दिवा ओळखणारा साधा रीडर, गावात एक मोठा स्कॅनर, ही वाटणी योग्य आहे.

मर्यादाही तेवढ्याच स्पष्ट सांगायला हव्यात, नाहीतर मीही जाहिरातच करतोय असं होईल. लाल दिवे रीडरसाठी नाहीत. ऑइलचा लाल दिवा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला तर आधी गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करायचं. कोड वाचत बसलं तर इंजिन जाईल. पिवळा दिवा स्थिर असेल तर जपून पुढे जाता येतं, पण तो लुकलुकत असेल तर इंजिन मिसिंग करतंय आणि न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याला जाळतंय. तिथे वेग कमी करून थांबावं. ब्रेकचं पॅड, बेअरिंगचा आवाज, फाटलेला होज, झिजलेलं टायर यांना कोड नसतो. आणि कोड पुसण्याआधी तो तारखेसकट वहीत उतरवायचा, फ्रीझ फ्रेमसकट. पुसलेला कोड परत आला नाही तर ठीक, परत आला तर वहीतली ती ओळ मेकॅनिकला दहा प्रश्नांपेक्षा जास्त सांगते.

हे सगळं शिकायला अवघड आहे का? जव्हारच्या आयटीआयमधून बाहेर पडणाऱ्या मुलांना हे सहज शिकवता येईल, आणि ती मुलं आपापल्या गावच्या गाडीवाल्यांना शिकवू शकतील. कोडमधलं पहिलं अक्षर रोमन असतं, बाकी बहुतेक आकडे. बीजगणित लागत नाही. मोबाइलवर रिचार्ज करणारा, यूपीआयनं भाडं घेणारा ड्रायव्हर पी०११८ वाचू शकतो. त्याला हे जमणार नाही, असं जे मानतात ते त्याच्या अडाणीपणाबद्दल बोलत नसतात, स्वतःच्या सवयीबद्दल बोलत असतात.

म्हणून मेकॅनिक आणि सर्व्हिस सेंटरवाल्यांना माझी विनंती आहे: गिऱ्हाइकानं कोड लिहून आणला तर त्याला हसू नका, तो कागद बाजूला ठेवू नका. त्याच्यासमोर स्कॅनर लावा, काय दिसतंय ते दाखवा, आणि कुठला पार्ट का बदलावा लागतोय ते त्याच आकड्यांवरून सांगा. गाडीवाल्यांना माझं सांगणं आहे: २०१३ नंतरची गाडी असेल तर या पावसाळ्याआधी एक साधा, रेंजशिवाय चालणारा, लाइव्ह डेटा दाखवणारा रीडर घ्या, गाडी धड असतानाच तो लावून तिचे चांगले आकडे वहीत लिहून ठेवा, आणि दिवा लागेल तेव्हा त्या आकड्यांशी पडताळून बघा. दुरुस्ती ज्याच्याकडून करायची त्याच्याकडून करा. पण कशाची दुरुस्ती होतेय आणि कशाचे पैसे आपण देतोय, हे गाडी सोडण्याआधी तुम्हाला माहीत असलंच पाहिजे.